काच कशी फुटली, मी आपलं सहज विचारलं

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं विचारूच नये का? काच बसवायला गेलोय, समोर खिडकीला हे एवढं भोक पडलंय, भोकातून थेट घरातला पंखा दिसतोय, आणि मी काय, मुकाट्यानं पट्टी लावून माप घ्यायचं आणि निघायचं? "कशी फुटली हो?" एवढं तरी विचारेल की नाही कुणीही? आमची ही म्हणते, "अहो, तुम्हाला लोक काच बसवायला बोलावतात, पंचनामा करायला नाही!" अगं, पंचनामा कुठे करतोय मी? मी आपलं सहज विचारलं!

आणि धंद्यालाही ते लागतंच, तुम्हाला सांगतो. तीस वर्षं काचा कापतोय मी. काच कशानं फुटली ते कळल्याशिवाय नवी किती जाडीची बसवायची ते कसं ठरवणार? म्हणून माझी एक लाल वही आहे, फुटलेल्या काचांची. लांबी, रुंदी, पत्ता, वार, वेळ, आणि कोपऱ्यात कारण. चेंडू. मांजर. वारा. जावई. आता जावई म्हणजे काय, ते मी विचारलं होतं, पण सासूबाईंनी दारच लावून घेतलं, म्हणून तेवढंच लिहिलंय. आणि एक निळी वही आहे, ती नव्या कामांची. नवं दुकान, नवा दवाखाना, नवी काच. लाल ती लाल आणि निळी ती निळी. एकीत दुसरीचं काही लिहायचं नाही, दोन्ही एकत्र ठेवायच्या नाहीत, हा माझा शिरस्ता. आणि ह्याच शिरस्त्यानं माझा घात केला... पण थांबा, ते मागाहून येईल, नाहीतर सगळा घोळ व्हायचा.

तर माझी थोरली बहीण. ताई. तिला दोन मुलं. मोठी माझी भाची, चोवीस वर्षांची, उद्योजिका! म्हणजे एक छपाईचं यंत्र, एक लॅपटॉप, आणि ताईच्या घरातली ती खोली, जिथे पूर्वी पाहुणे झोपायचे आणि आता पाहुण्यांना "गच्चीवर झोपा" म्हणतात. टी-शर्टवर छापून देते, मोठमोठे फोटो छापून देते. आणि तिचा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा, खालच्या कॉलेजात जातो. आमच्या शहरात कॉलेजं दोन, एक चढावर म्हणून वरचं, एक उतारावर म्हणून खालचं, आणि दोन्हींचा बसस्टॉप एकच. संध्याकाळी पाचला दोन्हीकडची पोरं बससाठी तिथे जमतात, आणि गेलं दीड वर्ष दर आठवड्याला तिथे जुंपते! का? कुणाला माहीत नाही. कुणाचं काय कुणी खाल्लंय? कुणाला माहीत नाही. एका मंगळवारी आमचा धाकटा घरी आला तो रुमाल कपाळाला धरून. भुवईवर पाच टाके! अर्ध्या बोटावर डोळा होता हो. अर्ध्या बोटावर!

ताई रडली नाही. ताई रडली असती तर बरं झालं असतं. ती एकदम शांत झाली, आणि म्हणाली, "ह्याला मी बोर्डिंगात टाकते. लांब. बसनं आठ तास." धाकटा म्हणतो, "आई, मी काही केलं नाही!" ताई म्हणते, "म्हणूनच." आणि ही भाची, जिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलाय, शाळेत सोडलाय, त्याच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या खोट्या सह्या केल्यात, ती उठली आणि म्हणाली, "आई, मला एक महिना दे. त्या स्टॉपवरच्या मारामाऱ्या मी थांबवून दाखवते." ताई म्हणाली, "एक महिना. महिन्याच्या शेवटी तिथे एक जरी डोकं फुटलं, तरी ह्याची बॅग भरली समज."

मी कोपऱ्यात बसलो होतो. माझा काही संबंध होता का? पण तोंड गप्प बसेल तर ना! म्हटलं, "पण कशा गं थांबवणार? मी आपलं सहज विचारलं!" तर ती वळली, डोळे हे एवढे, आणि म्हणते, "मामा, तू येतोस मदतीला?"

झालं.

पहिली कल्पना तिची... हसू नका, तिनं फार विचार केला होता. म्हणाली, "मामा, भांडण का होतं? हा वरचा, तो खालचा, हे कपड्यांवरून कळतं म्हणून. तर दोन्हीकडच्यांना एकसारखे टी-शर्ट वाटायचे. कोण कुठला तेच कळलं नाही, तर मारणार कुणाला?" मला पटलं! तुम्हालाही पटलं असतं! रात्रंदिवस यंत्र चालवून दोनशे पिवळे टी-शर्ट छापले, मी घड्या घातल्या, स्टॉपवर उभं राहून वाटले. पोरं खूश. आणि गुरुवारी पाचला जुंपली हो! सगळे पिवळे! कुणाला मारायचं तेच कळेना, म्हणून मग सगळ्यांनी सगळ्यांना मारलं. एकानं तर आपल्याच सख्ख्या मित्राचा चष्मा तोडला आणि वर "सॉरी यार, मागून ओळखला नाही" म्हणाला. पोलीससाहेब आले, एक शिट्टी मारली, समोर दोनशे पिवळे, तेही बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही पिवळाच घातलाय का?" घातला होता.

आठवडा गेला. ताईनं बॅग माळ्यावरून खाली काढली. भरली नाही, नुसती काढून पॅसेजमध्ये ठेवली. येताजाता पायाला लागायची सगळ्यांच्या.

दुसरी कल्पना. राग आहे ना, मग तो बाहेर निघायला जागा पाहिजे! म्हणून बॉक्सिंगची ती मोठी पिशवी असते बघा, वाळू भरलेली, ती स्टॉपच्या खांबाला टांगली. वर पाटी, "राग इथे काढा". मी स्वतः शिडीवर चढून टांगली. दोन दिवस पोरं जवळ फिरकली नाहीत, पण सकाळी फिरायला निघणारे निवृत्त लोक! रांग लागली हो! एक हेडमास्तर होते, इतके शांत, इतके मवाळ, ते रोज सहाला यायचे, जानवं सांभाळल्यासारखं मफलर सांभाळायचे आणि पिशवीला असे काही हाणायचे की मला बघवेना. मी म्हटलं, "सर, कुणाची आठवण काढता? मी आपलं सहज विचारलं!" तर म्हणाले, "शिक्षणाधिकारी. आता निवृत्त झालाय, पण माझा राग अजून नोकरीत आहे." आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं आली पिशवीपाशी, आणि मारामारी कशावरून झाली सांगू? पिशवीवर पहिला नंबर कुणाचा, ह्यावरून!

दुसरा आठवडा गेला. बॅगेत दोन स्वेटर पडले.

तिसऱ्या आठवड्यात तिनं फॉर्म छापले. "तुम्हाला राग केव्हा येतो?" खाली चार ओळी मोकळ्या. शंभरातले नव्वद कोरे आले, नऊ जणांनी चित्रं काढली, आणि एकानं तेवढं मनापासून लिहिलं होतं, "असले फॉर्म भरायला लावले की." त्या दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि काचेच्या फळीवर डोकं टेकून बसली. मी म्हटलं, "अगं, कडेला हात लागेल, धार आहे." ती म्हणाली, "मामा, माझ्याकडे एकही कल्पना उरली नाही रे. तो जाणार." आणि रडली. मी तिला पाणी दिलं, आणि तिनं पेला ठेवायला म्हणून जे ओढलं, ती माझी लाल वही.

तिनं ती उघडली, आणि वाचायलाच लागली! पाणी तसंच. "मामा, हे काय? स्टेशनरीचं दुकान, मंगळवार, सव्वापाच, मारामारी. बेकरी, गुरुवार, पाच वीस, मारामारी. चपलांचं दुकान... मामा, हे सगळं तू लिहून ठेवलंस? कशाला?" मी म्हटलं, "अगं, मी आपलं सहज विचारलं आणि लिहिलं!" ती उठून उभी राहिली. म्हणाली, "अरे मामा, पोलिसांकडे नाही, कॉलेजकडे नाही, अख्ख्या शहरात कुणाकडे नाही ते तुझ्याकडे आहे!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चौकशा करण्याला चांगलं म्हटलं हो! मी लगेच घरी हिला फोन करून सांगितलं. ही म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा."

मग आम्ही बसलो. ती पानं उलटतेय, मी सांगतोय. आणि निघालं काय? दीड वर्षापूर्वीपर्यंत त्या स्टॉपवर एकही नाही! चेंडू आहे, मांजर आहे, पण मारामारी नाही. आणि मग एका आठवड्यापासून एकदम सुरू. "मामा," ती म्हणाली, "त्या आठवड्यात त्या चौकात काहीतरी बदललं. काय बदललं?" आता आम्हा दोघांनाही खाज सुटली! बस डेपोत जाऊन विचारलं, बसची वेळ तीच. कॉलेजांत विचारलं, सुटायची वेळ तीच. झाड तोडलं का? नाही. सिग्नल बसवला का? नाही. बेकरीवाल्याला विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला, "माझी काच तीनदा फुटली, ते जाऊ दे, त्या दाताच्या डॉक्टरची एवढी मोठी काच एकदाही कशी फुटत नाही, ते शोधा!" मी छाती काढून म्हटलं, "मी बसवलीय ती! पक्की काच! सगळ्या चौकाच्या फुटल्या, माझी तेवढी शाबूत!" भाची म्हणाली, "वा मामा." मी मिशीला पीळ दिला. मूर्ख कुठला! पीळ देत होतो!

आणि दाताच्या डॉक्टरचं नाव निघालं तशी माझी दाढ ठणकायला लागली. महिन्याचे आठ दिवस उरलेले, आणि माझी दाढ! गेलो. दवाखाना बरोबर स्टॉपच्या समोर. डॉक्टरांनी मला त्या खुर्चीत आडवा केला, तोंडात कापूस कोंबला, एक नळी अडकवली, आणि म्हणाले, "आता पंधरा मिनिटं बोलायचं नाही." मला! मला म्हणाले! मग काय, नुसता बघत पडलो. समोर माझीच काच. तिची गंमत अशी, की आतून बाहेरचं सगळं दिसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला नुसता आरसा. डॉक्टरांनी मुद्दाम मागितली होती, कारण स्टॉपवरची पोरं आत आ वासून पडलेल्या पेशंटांना बघून हसायची. वाजले होते पाच.

खालच्या कॉलेजचं एक पोरगं आलं. काचेसमोर उभं राहिलं. खिशातून फणी काढली, भांग पाडला, हनुवटी वर केली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. माझ्या नाकापासून दोन हातांवर, आणि त्याला मी दिसत नाही! मागून वरच्या कॉलेजचे तिघे आले. त्यांनाही केस बघायचे होते. तेही बघायला लागले काचेत. आता पुढच्याला काय दिसलं? मागचे तिघे आपल्याकडे टक लावून बघताहेत. आणि मागच्यांना काय दिसलं? पुढचा आपल्याकडे टक लावून बघतोय. अहो, जो तो स्वतःच्या केसांकडे बघतोय! पण पुढचा गर्रकन वळला, "काय बघतोस रे?" "तू काय बघतोस?" "तू आधी बघितलंस!" आणि एकानं एकाची कॉलर धरली!

मी ओरडलो. "आँ! आँऽऽ!" डॉक्टर म्हणाले, "दुखतंय?" मी मान हलवली, काचेकडे बोट केलं, "आँ आँ आँ!" डॉक्टर म्हणाले, "हां हां, ते रोजचंच. पेशंटांचा वेळ बरा जातो त्यात, तोंड मिटायचंच विसरतात लोक." दीड वर्ष! हा माणूस दीड वर्षं रोज बघतोय, आणि कुणाला बोलला नाही! नळी निघाल्या निघाल्या मी पहिलं तेच विचारलं, "डॉक्टर, सांगितलं का नाही कुणाला?" तर म्हणतात, "कुणी विचारलंच नाही!"

नशीब की त्या दिवशी बस लवकर आली आणि कॉलरवरच भागलं. मी अर्ध्या दाढेनं दुकानात पळालो. निळी वही काढली, लाल वही काढली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. निळीत, सोमवारी, दाताचा दवाखाना, आरशी काच, पक्की. लालमध्ये, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, स्टेशनरीचं दुकान, मारामारी. पहिली. अहो, मीच! त्या चौकात जे बदललं ते मीच बदललं होतं! आणि बाकी सगळ्यांच्या फुटल्या आणि तीच का फुटली नाही? पक्की म्हणून? डोंबल! केस कुठे बघणार मग, म्हणून कुणी तिला दगड लावत नव्हतं!

आता खरं सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. दोन दिवस मी गप्प बसलो. मी! लोक काय म्हणतील? हाच भांडणं लावतो आणि हाच काचा बसवतो! ज्याच्या त्याच्या दुकानात माझ्या हातची काच, आणि कारण पण मीच! दोन दिवस मी कुणाला काही विचारलं नाही, तर ही घाबरली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला तिनं. तिसऱ्या दिवशी ताईकडे गेलो. पॅसेजमध्ये बॅग भरलेली. वर धाकट्याच्या चपलांचा जोड, कागदात गुंडाळून. धाकटा मला म्हणाला, "मामा, तिकडे खोलीत चार जण असतात म्हणे. त्यांना घोरलेलं चालतं का रे?" त्याच्या भुवईवरचे टाके निघाले होते, गुलाबी वण राहिला होता. मला राहवलं नाही हो. तिथेच खाली बसलो, भाचीला हाक मारली, आणि दोन्ही वह्या तिच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "हे बघ, आणि मला काय बोलायचं ते बोल."

तिनं बघितलं. एकदा लालमध्ये, एकदा निळीत. मी डोळे मिटून घेतले. आणि ही मुलगी काय म्हणते? "मामा, कित्ती मस्त!" अगं मस्त काय? तर म्हणे, "तू चुकलास हे कळलं म्हणून तर आता दुरुस्त करता येईल. वाईट माणसं असती तर मी काय करणार होते? काच बदलता येते."

मग डॉक्टर आडवे आले. "अहो, काच धुरकट केली तर पेशंट बघणार काय? ओरडतील ते!" भाची म्हणाली, "डॉक्टर, पेशंट आडवे असतात ना? मग छत कुणी बघितलंय का तुमचं?" आणि तिनं छताच्या मापाचा फोटो छापला. बाजारातली भर गर्दी, वरून काढलेली, तीनशे तरी माणसं. पेशंट आता त्यात कोण काय करतंय ते शोधत पडतात. आणि माझी काच मी माझ्या हातानं धुरकट करून दिली, खालपासून डोक्याच्या वरपर्यंत. आतला पेशंट बाहेर दिसत नाही, बाहेरच्याला स्वतःचं तोंड दिसत नाही. उरले होते चार दिवस.

पहिल्या दिवशी पोरं काचेपुढे आली, फण्या काढल्या, आणि तशीच उभी. चुळबुळ. दुसऱ्या दिवशी एकानं बसच्या आरशात बघायचा प्रयत्न केला, तर ड्रायव्हर ओरडला. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मी, भाची आणि ताई, तिघं बेकरीत बसून बघतोय. ताईच्या हातात बोर्डिंगचा फॉर्म. पाच वाजले. धाकटा स्टॉपवर आला. आणि समोरून तो आला, वरच्या कॉलेजचा, ज्याच्या हातून आमच्या धाकट्याला पाच टाके पडले, तोच! थेट धाकट्यासमोर येऊन उभा राहिला. ताईनं माझा हात असा धरला की अजून वळ आहे. त्या पोरानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "मागून केस नीट आहेत का रे? उभे नाहीत ना राहिले?"

आणि आमचा धाकटा... त्यानं नीट बघितलं. हात उचलला, आणि त्याच्या डोक्यामागचा एक तुरा चापून बसवला. म्हणाला, "आता ठीक. माझे?"

ताई रडली. महिन्याभराचं सगळं तेव्हा रडली, बेकरीवाल्यानं कागदी रुमालांची चळत पुढे केली. फॉर्मला तिनं नाक पुसलं आणि बॅग त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली. आज तीन महिने झाले, लाल वहीत त्या चौकाचं एक मांजर सोडलं तर काही नाही. पोरं आता एकमेकांना विचारतात, ह्याचा भांग नीट आहे का, त्याची कॉलर नीट आहे का. म्हणजे बघा, माझीच सवय की ही! तेच तर मी आयुष्यभर करत आलो!

इथे थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण परवा भाची कौतुकाचा गुच्छ घेऊन दुकानात आली, नगरपालिकेनं दिलेला, आणि माझ्या तोंडाला काय बुद्धी झाली, मी म्हटलं, "काय गं, शहरात दुसरीकडे कुठे असतील का अशा आरशी काचा, पोरं जमतात तिथे? मी आपलं सहज विचारलं!" तिनं गुच्छ खाली ठेवला. निळी वही ओढली. एकेक पान उलटत गेली आणि बोटं मोजत गेली. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि माझ्या बोटांवर मोजायला लागली.

अकरा चौक. अकराच्या अकरा मी बसवलेल्या. आणि सगळ्या पक्क्या, एकही आपणहून फुटायची नाही! सोमवारपासून जातोय धुरकट करायला. दाढ? ती अजून अर्धीच आहे हो, तुम्ही कशाला विचारता!